लोणावळ्यातली पहाट आणि पंधराचा वर्ग

(पोस्ट लांब आहे. सावकाश वाचा.)

दर एप्रिलमध्ये पंडिता रमाबाईंची दोन चित्रं फोनवर फिरतात. पुण्यतिथी ५ एप्रिलला, जयंती २३ एप्रिलला, त्यामुळे महिनाभर पुरतात. पहिल्या चित्रात त्या 'थोर समाजसुधारक, स्त्रीशिक्षणाच्या अग्रदूत' असतात आणि ख्रिस्ती हा शब्द चुकूनही येत नाही. दुसऱ्या चित्रात त्या फक्त ख्रिस्ती असतात, बाकी काहीच नसतात. दुष्काळाचा फायदा घेऊन पोरी बाटवणारी बाई, एवढंच. दोन्ही चित्रं पाठवणारे माझ्या ओळखीचे आहेत. काही जण तर एकाच ग्रुपमध्ये आहेत आणि एरवी चहाला एकत्र असतात.

दोघांनाही नको असलेली गोष्ट मात्र एकच आहे. रमाबाईंची स्वतःची समजूत अशी होती की देवानं आपल्याला हाक मारली आणि आपण गेलो. पहिल्यांना ही समजूत अडचणीची वाटते, म्हणून ते ती खोडून टाकतात. दुसऱ्यांना तो बहाणा वाटतो. त्या हाकेबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण तिचा एक महत्त्वाचा धागा आपल्या मावळात अडकलेला आहे, आणि मावळात तो फारसा कुणी सांगत नाही.

मी तळेगावचा. देवाशी बोलायला डोंगरावर जाणं आमच्या भागात नवं नाही. इंदोरीजवळ भंडारा डोंगर आहे. तिथं तुकोबा एकांतात जाऊन बसत, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण त्याच मावळात, लोणावळ्याच्या झाडीत, १८९६ साली एक मराठी बाई पहाटे एकटीच जाऊन बसली आणि तिनं देवाकडं एक आकडा मागितला, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. जुन्या इंग्रजी कागदांत लोणावळ्याचं स्पेलिंग 'लानोली'सारखं काहीतरी केलेलं असतं. आजच्या नावानं शोधलं तर सापडत नाही.

बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला आणि मुंबई-पुणे सलग जोडले गेले. लोणावळा तेव्हा रेल्वेचं गाव झालं. गोरे आणि अँग्लो-इंडियन कर्मचारी आले, त्यांच्या मागोमाग त्यांची चर्चं आली. हवा थंड, मुंबईहूनही गाडी, पुण्याहूनही गाडी, त्यामुळे मिशनरी मंडळींचे प्रार्थनेचे मोठे मेळावे तिथं भरू लागले. कॅम्प मीटिंग म्हणत त्याला. झाडीत मुक्काम, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, प्रवचनं. १८९६ च्या मेळाव्याला रमाबाई पुण्याहून आपल्या पंधरा मुली घेऊन गेल्या. पुणे-लोणावळा म्हटल्यावर वाटेत तळेगाव स्टेशन आलंच.

या पंधरा म्हणजे शारदा सदनातल्या, ख्रिस्तावर विश्वास ठेवलेल्या मुली. तिथं एका पहाटे रमाबाई उठून झाडीत गेल्या. सूर्य उगवताना पाहिला. पंधरा मुलींबद्दल देवाचे आभार मानले. आणि मग मागितलं की पुढच्या वर्षी हा मेळावा भरायच्या आत या संख्येचा वर्ग करून दे.

पंधराचा वर्ग, दोनशे पंचवीस.

हे रमाबाईंनी स्वतःच १९०७ च्या आपल्या साक्षीच्या पुस्तकात लिहून ठेवलंय. प्रार्थनेत गणित आणणारी ही बाई मला आवडते. आपण देवाकडं मागतो ते मोघम. 'सगळ्यांचं भलं कर', 'सुखी ठेव.' मोघम मागणं सुरक्षित असतं, कारण मिळालं की नाही हे कधी कळतच नाही. आकडा मागितला की माणूस अडकतो. वर्षभरानं हिशेब द्यावा लागतो, निदान स्वतःला तरी.

मागितल्यावर लगेच त्यांच्या मनात शंका आली. शंका रास्त होती. सदनात तेव्हा एकूण मुलीच दोनशे पंचवीस नव्हत्या, त्यांतल्या ख्रिस्ती तर मोजक्याच. येणार कुठून? त्याच वेळी यिर्मयाच्या पुस्तकातलं एक वचन त्यांना आठवलं. देव विचारतो, मला अशक्य असं काही आहे का, या अर्थाचं. रमाबाईंनी ते वचन धरून ठेवलं.

इथं थोडं मागं जावं लागेल. नाहीतर ही एका भाविक बाईची गोड गोष्ट वाटेल, आणि ती तशी नव्हती. १८९६ मध्ये रमाबाईंना नेमकी कशाची भीती असायला हवी होती, ते बघा.

शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं. उच्चवर्णीय विधवांसाठीची शाळा आणि वसतिगृह. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा, दहा वर्षांच्या बोलीवर. अट अशी की शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं. पुण्यातल्या सुधारकांना तेव्हा वाटलं असेल की चला, बाई ख्रिस्ती झाली तरी आपली आहे. याच सदनातल्या विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्व्यांनी ११ मार्च १८९३ ला पुनर्विवाह केला. विधवांसाठी पुढं जे मोठं काम कर्व्यांनी उभं केलं, त्याच्या घरातली बाई या सदनात शिकलेली होती. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत.

त्याच १८९३ मध्ये वादळ आलं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, बायबल वाचत, आणि दार उघडं ठेवत. मुली येऊन बसत. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही, पण माझा धर्म मी लपवणारही नाही. पुण्याला हे पटणं शक्य नव्हतं. 'केसरी' आधीपासून मागं लागलेलाच होता. पालकांनी मुली काढून नेल्या, आणि ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. रानड्यांसारखा माणूस हात काढून घेतो तेव्हा पुण्यात त्याचा अर्थ काय होतो, हे पुण्याच्या आसपास राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

पालकांची आणि सुधारकांची बाजू खोटी होती असं मी म्हणणार नाही. तटस्थतेच्या भरवशावर मुली पाठवल्या होत्या. उघडं दार हेही आमंत्रणच असतं, विशेषतः जिला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मायेनं वागवतंय अशा बारा-चौदा वर्षांच्या मुलीसाठी. रमाबाईंना हे कळत नव्हतं असंही नाही. त्यांनी तरी दार लावलं नाही.

तर १८९६ मध्ये लोणावळ्याला ज्या मागणीसाठी त्यांनी हात जोडले, ती बरोबर तीच गोष्ट होती जिच्यासाठी तीन वर्षांपूर्वी गावानं त्यांना वाळीत टाकल्यासारखं केलं होतं. ख्रिस्ती मुली वाढव. पंधराच्या दोनशे पंचवीस कर. अमेरिकेतला पैसा ज्या बोलीवर येत होता त्या बोलीतही हे बसत नव्हतं. आणि दहा वर्षांची मुदत १८९८ ला संपत होती.

आता यिर्मया. रमाबाईंना त्या पहाटे आठवलेलं वचन त्याच्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायातलं. ते एकटं वाचलं तर दिनदर्शिकेवर छापण्यासारखं आहे. अख्खा अध्याय वाचला की वेगळंच दिसतं. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय. शहर पडणार हे यिर्मया स्वतःच सांगत सुटलाय, म्हणून राजानं त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडून ठेवलंय. अशा वेळी देव त्याला सांगतो की तुझा चुलतभाऊ हनामेल येईल आणि अनाथोथ गावातलं शेत घे म्हणेल, ते घे. शत्रूच्या हातात जाणाऱ्या मुलुखातली जमीन! कुठलाही शहाणा माणूस घेणार नाही. यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदार घेतो, खत करतो, मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो. व्यवहार एकदम पक्का. आपल्याकडच्या दुय्यम निबंधकालाही खोट काढता येणार नाही.

आणि मग, सगळं झाल्यावर, तो घाबरतो. देवाला म्हणतो, बाहेर मोर्चे लागलेत, शहर जाणार, आणि तू मला शेत घ्यायला सांगितलंस? त्याला उत्तर म्हणून ते वचन येतं.

म्हणजे यिर्मयानं आधी केलं, भीती नंतर बोलून दाखवली. ख्रिस्ती आणि यहुदी परंपरेत हाक येणारी माणसं बहुतेक अशीच आहेत. मोशे म्हणतो मला बोलता येत नाही, दुसऱ्या कुणाला पाठव. गिदोन म्हणतो माझं घराणं सगळ्यात दुबळं. योना तर सरळ उलट दिशेचं जहाज पकडतो. यिर्मयाही अगदी पहिल्या हाकेला म्हणाला होता की मी अजून पोर आहे. एकही जण 'हो, निघालो' म्हणून छाती काढून उठत नाही. हे ग्रंथ लिहिणाऱ्यांना भीती लपवावीशी वाटली नाही.

रमाबाईंनी दुष्काळाच्या आधीच जमीन घेतलेली होती. पुण्यापुढं दौंडच्या वाटेवर केडगावला, शंभरेक एकर. अमेरिकेचा पैसा थांबल्यावर शाळा स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून तिथं फळबाग लावायची, असा त्यांचा हिशेब. घेतली कशासाठी आणि लागली कशासाठी, हे लोणावळ्याच्या पहाटेनंतर काही महिन्यांतच ठरलं.

१८९६ चा पाऊस दगा देऊन गेला. मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाच्या बऱ्याच भागात, दुष्काळ पडला. बातम्या पुण्यापर्यंत आल्या.

आता रमाबाईंची दुसरी भीती, आणि माझ्या मते ही पहिलीपेक्षा खोल. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचं घरच संपलं होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून धर्मसभेपुढं उभं राहावं लागलेले. सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत, पुराणं सांगत जगायचं. दुष्काळात दानधर्म आटला. होतं नव्हतं ते विकलं. उपाशी फिरत राहिले. वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास उरले. श्रीनिवास १८८० मध्ये गेला. नवरा बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये गेला. चोविसाव्या वर्षापर्यंत एका लहान मुलीशिवाय कुणी उरलं नाही.

भूक म्हणजे काय हे माहीत नसलेला माणूस दुष्काळात मदतीला जातो तेव्हा ती दया असते. ज्याच्या घरातली माणसं भुकेनं गेली तो पुन्हा त्याच दृश्यात पाय ठेवतो, त्याला मी काय म्हणू? रमाबाईंनी १८९७ मध्ये दुष्काळातले अनुभव लिहिले. आपल्या उपासमारीची आठवण त्यांना घरी स्वस्थ बसू देईना. ज्या आठवणीनं पाय मागं यायला हवे होते, त्याच आठवणीनं त्यांना घराबाहेर काढलं. त्या मध्य प्रांतात गेल्या.

तिथं त्यांनी सरकारी अन्नछत्रं पाहिली, दुष्काळी कामं पाहिली. हाडाचे सापळे झालेली पोरं पाहिली. आणि अजून एक पाहिलं. तरण्या, एकट्या पडलेल्या मुलींवर टपून बसलेली माणसं. काही ठिकाणी तर ज्यांच्या हाती सोय दिली होती तेच. हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलं. बातमीदार म्हणून सांगतो, आजही पूरग्रस्तांच्या छावणीत गेल्यावर भांडी, चादरी, पुढाऱ्यांच्या भेटी यांवर चार रकाने भरतात. रात्री बायका कुठं झोपतात, दिवा कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न शेवटी येतो, आला तर. रमाबाईंनी तो सव्वाशे वर्षांपूर्वी पहिल्यांदा विचारला.

त्या मुली आणू लागल्या. काही महिन्यांत जवळपास तीनशे. आणायचं ठरवलं तेव्हा ठेवायला जागा नव्हती, आणि अमेरिकेचा पैसा या मुलींसाठी नव्हताच, तो होता शाळेत शिकणाऱ्या उच्चवर्णीय विधवांसाठी. या येत होत्या त्या सगळ्या जातींच्या. सदनात आजवर सोवळ्या-ओवळ्याचा मान राखून स्वयंपाक व्हायचा, तो मामला इथं मोडला. रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरच्या अनाथाश्रमाबद्दल वाचलं होतं. कुणाकडं हात न पसरता, फक्त प्रार्थनेवर आणि आपणहून आलेल्या देणगीवर चालणारा. पुस्तकात छान वाटतं ते. तीनशे ताटं रोज दोनदा मांडायची असतात तेव्हा कसं वाटत असेल?

त्यातच प्लेग. मुंबईत १८९६ च्या शेवटी, पुण्यात १८९७ मध्ये. शहरात एवढ्या मुली एका जागी ठेवायला अधिकारी तयार होईनात. मग केडगाव. जिथं फळबागेचा हिशेब होता त्या माळावर झोपड्या आणि शेड उभ्या राहिल्या. अनाथोथचं शेत कामाला आलं, असं त्यांच्या मनात आलं असलं तर नवल नाही.

प्लेगच्या बंदोबस्तात त्यांच्या मुलींनाही सरकारी दवाखान्यात आणि छावणीत नेलं गेलं. तिथल्या वागणुकीबद्दल रमाबाईंनी मे १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन'मध्ये उघड पत्र लिहिलं. पत्राचा विषय थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टच्या सरकारनं आरोप फेटाळले. हे वर्ष कोणतं ते लक्षात घ्या. २२ जूनला पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. प्लेगच्या जुलमाबद्दल बोललेले शब्द सिद्ध करता येईनात म्हणून त्याच वर्षी गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला झाला. एरवी रमाबाईंच्या नावानं बोटं मोडणाऱ्या पुण्याचं आणि रमाबाईंचं दुखणं त्या उन्हाळ्यात एकच होतं. इंग्रजांच्या धर्माची बाई म्हणून त्या इंग्रजांपुढं गप्प बसल्या नाहीत, हे दुसऱ्या प्रकारचं चित्र पाठवणाऱ्यांनी एकदा वाचावं.

खरं तर त्या कुणापुढंच गप्प बसल्या नाहीत. १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वाद सुरू. शाकाहार सोडणार नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नको? एखादा सिद्धांत पटला नाही तर केवळ चर्च सांगतंय म्हणून मानणार नाही. या वादात सिस्टर जेराल्डिन बिचाऱ्या थकल्या असाव्यात. पुण्यात जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या 'सत्सार'मध्ये रमाबाईंची बाजू घेतली.

आता तो अवघड प्रश्न, जो टाळून हा लेख संपवला तर पहिलं चित्र पाठवणाऱ्यांच्या रांगेत मीही बसेन.

बाईनं एप्रिलच्या आसपास देवाकडं ख्रिस्ती मुलींचा आकडा मागितला. वर्ष संपता संपता दुष्काळानं तो आकडा दारात आणून ठेवला. पुढं १८९७ मध्ये यातल्या पुष्कळ मुलींचे बाप्तिस्मे भीमेच्या पात्रात झाले. रमाबाईंना यात लोणावळ्याच्या प्रार्थनेचं उत्तर दिसलं. मला ते वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो फक्त भक्तीचा नसतो. उपाशी, आईबाप गमावलेल्या आठ-दहा वर्षांच्या पोरीला धर्म निवडता येतो का? तिला भाकरी देणारा हात जो देव सांगेल तो तिचा देव. हे मान्य करायला ख्रिस्ती वाचकांनाही अडचण वाटू नये.

पण 'दुसरं कुणी गेलंच नाही, म्हणून रमाबाई गेल्या' हे जे त्यांच्या बाजूनं म्हटलं जातं, तेही खरं नाही. त्याच दुष्काळात लाला लजपतराय आणि आर्य समाज मध्य प्रांतातली अनाथ मुलं पंजाबात नेऊन सांभाळत होते, आणि ती मिशनऱ्यांच्या हाती जाऊ नयेत हा त्यांचा उघड हेतू होता. मुलं दोघांनी वाचवली, आणि आपापल्या देवाच्या पदरात घातली. त्या काळात निव्वळ पोट भरून 'जा आता, तुझा धर्म तू बघ' म्हणणारं कुणी मला सापडत नाही. सरकारी अन्नछत्र म्हणत होतं, पण तिथं रात्री काय चालायचं ते वर आलंच.

माझं मत विचाराल तर असं. संख्येचा वर्ग मागणं मला पटत नाही. माणसं मोजायला लागलं की माणूस मागं पडतो, मग ते मोजणारे कुठल्याही झेंड्याखालचे असोत. पण ज्या बाईनं आकडा मागितला, तिनंच तो स्वतःच्या हातानं छापला, लपवला नाही. आणि आकडा पुरा झाल्यावर ती थांबली नाही. १८९९-१९०० मध्ये गुजरातेत छप्पन्नचा काळ पडला तेव्हा दोनशे पंचवीसचा हिशेब कधीच मागं पडला होता. तरी माणसं पाठवून तिथून मुली आणल्याच. केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. आंधळ्या, आजारी, कुणालाच नको असलेल्या बायकाही त्यात होत्या. नुसता धर्माचा आकडा वाढवायचा असता तर यांना कुणी आणलं असतं?

भीतीपोटी थांबलेल्या माणसांना मी कमी लेखत नाही. रमाबाईंच्या आगेमागेच नारायण वामन टिळक हाक ऐकून चाचपडत होते. १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. पटलं, तरी पाऊल उचलायला १० फेब्रुवारी १८९५ उजाडलं. मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाईंपासून कित्येक वर्षांची ताटातूट. त्या ताटातुटीत लक्ष्मीबाईंनी काय सोसलं ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना माहीत आहे. टिळकांच्या मागं बायको होती, पोर होतं, सगळं नाशिक होतं. हाकेला ओ देण्याची किंमत बऱ्याचदा दुसऱ्याच माणसाला मोजावी लागते. रमाबाईंच्या बाबतीत ती मनोरमानं मोजली. आईच्या कामात तिचं आयुष्य गेलं आणि १९२१ मध्ये, आईच्या आधी, ती वारली.

आमच्या तळेगावला धीराच्या बाईचं वावडं नाही. खंडेराव दाभाडे १७२९ ला गेले, दोन वर्षांत मुलगा त्र्यंबकराव डभईच्या लढाईत पडला, आणि उमाबाई दाभाडे सेनापतीपदाचा कारभार घेऊन उभ्या राहिल्या. त्यांचं नाव आम्ही अभिमानानं घेतो, घ्यायलाच हवं. लोणावळ्याला गेलेल्या त्या पंधरा मुलींचं नाव घ्यायचं तर ते आम्हाला ठाऊकही नाही. कपाळ पांढरं झालं म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या वयातल्या पोरी, त्या पहाटे झाडीपलीकडं झोपलेल्या, आपली बाई आपला वर्ग करून मागतेय याचा त्यांना पत्ता नाही.

शेवटची सतरा-अठरा वर्षं रमाबाई बायबलचं मराठी करत होत्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, एकहाती. ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. आयुष्यभर संस्कृतात वाढलेली बाई, पण भाषा मुद्दाम साधी ठेवली, केडगावच्या बायकांना कळेल अशी. छपाई तिथंच, मुक्तीच्या छापखान्यात. खिळे जुळवणाऱ्या हातांमध्ये दुष्काळातून आलेल्या मुलींचेही हात होते. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं. म्हणजे यिर्मयाचं ते बत्तिसावं प्रकरण, शेत, सतरा शेकेल, वेढा आणि ते वचन, सगळं रमाबाईंनी स्वतःच्या मराठीत लिहिलं आणि त्या मुलींपैकी कुणीतरी एकेक खिळा उचलून जुळवलं.

मुक्ती मिशन आजही केडगावला आहे. तळेगावहून लोकलनं पुणे, तिथून दौंडकडची गाडी, केडगाव स्टेशनला उतरायचं. पुढचा एप्रिल यायच्या आत एकदा जाऊन या, आणि मग कुठलं चित्र पाठवायचं ते ठरवा.